रामगुलाम यांच्यावरचा खोटा आरोप आणि खरा आरोप

१/ ‘रामगुलाम यांनी चागोस बेटे विकली’ असे एक पक्ष बेधडक लिहितो. ‘राष्ट्रपित्याकडे बोट दाखवू नका’ असे दुसरा दटावतो. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांना या दोघांनीही न्याय दिलेला नाही. एकाने चुकीचा आरोप निवडला, दुसऱ्याने खरा आरोप झाकला.

२/ आधी विक्रीचा आरोप. २३ सप्टेंबर १९६५ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्यासमोर बसलेले रामगुलाम एका वसाहतीचे नेते होते. स्वातंत्र्य द्यायचे की रोखायचे, हे समोरच्याच्या हाती होते. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. ३० लाख पौंडांच्या बदल्यात चागोस तोडण्यास त्यांनी तत्त्वतः होकार दिला. मानेवर सुरी असताना दिलेल्या होकाराला सौदा म्हणत नाहीत.

३/ आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हेच सांगितले: हे विभाजन जनतेच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेतून झालेले नव्हते.

४/ परंतु १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला आणि ही ढाल गळून पडली. १९७३ पर्यंत सुमारे दीड हजार चागोसवासी घरदार सोडून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये येऊन पडले. त्यांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने मॉरिशस सरकारला ६,५०,००० पौंड दिले. त्याबाबतचा करार १९७२ चा. पैसे विस्थापितांच्या हाती पडले १९७७-७८ मध्ये! तोवर महागाईने त्यांचे मोल खाल्ले होते. हा विलंब विल्सन यांनी लादलेला नव्हता.

५/ याच काळात, १९७१ मध्ये, आणीबाणी लागू झाली आणि १९७२ ची निवडणूक १९७६ पर्यंत ढकलली गेली. ज्यांचा आवाज आधीच क्षीण, त्यांचे हाल अशा वेळी कोण मांडणार?

६/ श्रेयही नोंदवू. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९८२ मध्ये मॉरिशस बेटावरील सर्व ६० जागा विरोधकांनी जिंकल्या, तेव्हा रामगुलाम यांनी सत्ता शांतपणे सोडली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत हे दुर्मीळच होते.

७/ म्हणून मित्रहो, १९६५ चा जाब लंडनला विचारा. रामगुलाम यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सत्ता हाती आल्यावर, आपल्याच किनाऱ्यावर उतरलेल्या निर्वासितांना त्यांचेच पैसे मिळायला पाच वर्षे का लागली?