फिटरची वही आणि कारखान्यातला संगणक
(द्वितीय वर्ष, कला)

‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य वक्तृत्वस्पर्धेत आपण इतक्यांदा ऐकले आहे, की ते खरे आहे का हे कुणी तपासत नाही. मी ते आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांपुरते तपासणार आहे.

प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ही नावे आपल्याला पाठच आहेत. मागाहून जिल्हाभर धुराडी उभी राहिली. पुढे साखर कारखान्यांत संगणक आला, तो मुख्यतः कचेरीत. उसाची नोंद, वजनकाटा, बिल, पगार! तिकडे वारणानगरला १९९८ साली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प निघाला; त्याचाही उपयोग मुख्यतः ऊस-नोंदी आणि बिलांसाठीच झाला. त्यात वाईट काही नाही. पण यंत्राच्या दुखण्याची नोंद कुणी ठेवायची?

माझे वडील एका कारखान्यात मिल विभागात फिटर आहेत. शिक्षण सातवी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, आणि “ही चार दिवस काढील” असे सांगायचे. हंगामात गव्हाण बंद पडली, की तोडलेला ऊस वाळतो, रस आंबतो, उतारा घटतो; बैलगाड्या तळावर खोळंबतात. म्हणून तर मिल रोलरचे पूजन आणि बॉयलरचे अग्निप्रदीपन आपल्याकडे थाटाने होते.

आता बेअरिंगला तापमान व कंप मोजणारी उपकरणे बसवता येतात. रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो. तिथे तापमान आणि तेलाचा दाब पाहावा. साखर वेगळी करणारी सेंट्रिफ्यूगल यंत्रे मात्र मिनिटाला हजाराच्या आसपास फिरतात. तिथे कंप वाढू लागला, की काहीतरी बिघडत आहे असे समजावे. रात्रपाळीत माणसाचा कान थकतो, उपकरण थकत नाही. हे मला मान्य आहे.

परंतु उपकरण आकडा सांगते, कारण सांगत नाही. कारण असते वडिलांच्या खिशातल्या डायरीत: ‘पाण्याचा पाइप तुंबला होता, खोलला’, ‘ब्रास घासला’. फिटर निवृत्त झाला, की डायरी घरच्या माळ्यावर जाते. कारखान्याच्या लॉगशीटवर मात्र पाळी संपताना आठही तासांचे ‘ओके’ एका दमात लिहिलेले असतात. का? बिघाड लिहिणाऱ्यालाच पहिला प्रश्न येतो, “तू काय करत होतास?” अशा ठिकाणी लाखो रुपयांचा संगणक बसवला, तर त्यात हेच ‘ओके’ भरले जातील.

माझ्या मते दुरुस्तीची नोंद मराठीत आणि फिटरच्याच शब्दांत हवी. केव्हा ऐकले, कसला आवाज, काय केले, एवढे पुरे. मोबाइलवर बोलूनही ते नोंदवता येईल. ‘घरघर’, ‘खडखड’ आणि ‘करकर’ ही तीन वेगळी दुखणी आहेत. इंग्रजी यादीतल्या ‘नॉइज’ या एका रकान्यात ती मावत नाहीत. (आवाजाचे वर्णन हा भाषेचा प्रांत आहे, तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात नाक खुपसले तर विज्ञान शाखेने रागावू नये.)

कुणी म्हणेल, सगळी विद्या संगणकाला दिली, की फिटरला कोण विचारतो? हा प्रश्न माझ्या आईनेच विचारला. संगणक बेअरिंग बदलत नाही, हे उत्तर मी दिले; तिचे समाधान झाले नाही, आणि तिचे काही चुकले असेही मला वाटत नाही. हंगामी कामगाराच्या घरी तर ही भीती दुप्पट. म्हणून प्रत्येक नोंदीवर ती करणाऱ्याचे नाव राहावे, बढतीच्या वेळी त्या नोंदी पाहिल्या जाव्यात, आणि बिघाड कळवला म्हणून कुणावर कारवाई होऊ नये. पुढच्या वेतन कराराच्या वेळी कामगार संघटनांनी पगारवाढीबरोबर हे कलमही मागावे.

वडिलांच्या अकरा डायऱ्या आहेत. दोन उतरवून झाल्या. तिसरीची पाने तेलाने चिकटली आहेत.