सरफोजी राजांच्या बँडाचे वर्धापन

एखाद्या रॉक बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला पंचवीस, तीस अथवा पन्नास वर्षे पुरी झाली म्हणजे तिचा महोत्सव थाटामाटाने साजरा करण्याची जी रीत हल्ली जगभर रूढ झाली आहे, तिच्याकडे आमच्या जुन्या वळणाच्या रसिकवर्गात काहीशा उपहासाने पाहिले जाते; आणि तो उपहास अगदीच अनाठायी आहे असे म्हणवत नाही. तीच गाणी, तेच वादक, वेष्टन मात्र नवे आणि किंमत दुप्पट, असा हा व्यवहार पुष्कळदा असतो. परंतु एका वर्धापनाची हकीकत मात्र मला मनापासून आवडते. बीटल्स या चौघा इंग्रज तरुणांची ‘प्लीज प्लीज मी’ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९६३ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झाली. तिच्यातील चौदा गाण्यांपैकी दहा त्यांनी ११ फेब्रुवारीच्या एका दिवसात लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील स्टुडिओत गाऊन मोकळी केली होती, आणि शेवटच्या गाण्याच्या वेळी जॉन लेनन याचा सर्दीने बसलेला घसा इतका फाटला होता, की ते दुसऱ्यांदा नीट म्हणणे शक्यच नव्हते. २०१३ साली बरोबर त्याच तारखेला बीबीसीने निरनिराळ्या गायकवादकांना त्याच जागी बोलावून ती सारी गाणी बारा तासांच्या मुदतीत पुन्हा वाजवून घेतली. कोणी चांगले गायले, कोणी बेताचेच. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या कृतीचा गौरव तीच कृती पुन्हा करून करावयाचा, हारतुरे आणि भाषणे यांवर भागवावयाचे नाही, हा विचार मला संगीताच्या स्वभावाला धरून वाटतो.

आमच्याकडेही अशा तारखा आता येऊ लागल्या आहेत. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही पहिली ध्वनिफीत १९८८ ची. उदय बेनेगल गाणार, महेश तिनईकर गिटार वाजवणार आणि गाण्याची भाषा इंग्रजी, हे पाहून ‘पोरे साहेब झाली’ असा शेरा त्या काळी अनेक मराठी घरांतून ऐकू येई. शेरा मारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की भोसले कुळातील एका राजाने विलायती बँड पदरी बाळगून त्याच्यासाठी स्वतः चाली रचण्याचा उद्योग त्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे करून ठेवला होता, आणि तोही मुंबईपुण्यात नव्हे तर कावेरीच्या खोऱ्यात, तंजावुरात.

दुसरे सरफोजी राजे १७७७ च्या २४ सप्टेंबरला जन्मले. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले, आणि श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. ते १७९८ साली गादीवर आले, आणि दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारने तहनामा पुढे करून मुलूख आपल्या ताब्यात घेतला. राजांकडे उरला तो किल्ला, सालिना एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज गेली, दिवाणी गेली, फौजदारी गेली. अशा राजाने शिकारीत आणि जनानखान्यात काळ घालवला असता तरी इतिहासाने त्यास फारसा बोल लावला नसता. सरफोजींनी त्याऐवजी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला, धन्वंतरी महालात औषधे सिद्ध करविली, देवनागरी छापखाना घातला, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली आपल्या घराण्याची बखर मराठीत कोरून घेतली आणि बँड उभा केला. लष्करी बँड, ज्याच्यामागून चालावयास लष्कर नव्हते! सत्ता गेलेल्या राजाचा हा डामडौल म्हणून कोणी नाक मुरडील. मला त्यात एक निराळीच जिद्द दिसते. जे वाद्यवृंद घेऊन कंपनीच्या पलटणी आपल्या दारावरून जातात, त्यांची विद्या आपणही हस्तगत करावी, मग तिचा राज्यकारभाराला उपयोग असो वा नसो, अशी ती जिद्द आहे.

बँडाचा त्या प्रांतातील संगीताशी संबंध कसा आला, हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित यांचे धाकटे बंधू बालुस्वामी मद्रासजवळ मणली येथे युरोपीय वादकांकडून व्हायोलिन शिकले. साहेब ते उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवीत. दक्षिणेतील वादक मांडी घालून बसला, वाद्याचा एक शेवट त्याने छातीशी टेकविला, दुसरा उजव्या पायाच्या घोट्याशी ठेवला, आणि डावा हात वाद्याचा भार वाहण्याच्या कामातून मोकळा होताच तारेवरून गमक घेत वरखाली सरकू लागला. बैठक बदलताच वाद्याची वाणी बदलली. इकडे मुत्तुस्वामींनी पलटणींच्या बँडाच्या चाली घेऊन त्यांवर देवादिकांची संस्कृत पदे बसविली. त्यांतील एक तर इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवर आहे. शंकराभरण राग आणि साहेबांचे प्रमुख स्वरसप्तक यांचे सूर जुळत असल्यामुळे चाल मोडावी लागली नाही. मात्र त्या पदांत गमक नाही, एकेका सरळ सुरावर एकेक अक्षर ठेवलेले आहे. ‘नोट्टुस्वर’ म्हणून ही पदे आजही लहान मुलांना शिकवतात. खुद्द तंजावरच्या दरबारात वराहप्पा दीक्षित पंडितांनी व्हायोलिन आत्मसात केले, आणि चौघा प्रसिद्ध नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, बंधूंपैकी वडिवेलु त्यात इतके निष्णात झाले, की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन नजर केले. पुढे नृत्याच्या मेळ्यात मुखवीणेच्या जागी क्लॅरिनेट येऊन बसला. कर्नाटक संगीताचे सोवळे इतके कडक, अशी ज्याची ख्याती, त्या मुलखात हे सर्व फारसा आरडाओरडा न होता घडले.

आणि सरफोजींच्या मराठीचे काय? ‘कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्यांची नृत्यरचना दफ्तरात आहे. एक निरूपण म्हणजे अठरा जिन्नस: आरंभी जयजय, मग शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, पुढे तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट असे करीत शेवटी मंगल. राग एक, ताल एक, कथाही एकच. आणि शब्द मराठी. रॉकवाले एकाच कल्पनेत सारी गाणी ओवून जी ध्वनिमुद्रिका सिद्ध करतात आणि तिचे मोठे अप्रूप मानतात, तिच्या जातीचीच ही योजना आहे, असे मी म्हटले तर संगीतशास्त्री रागावतील, पण रॉकवाल्यांना ते चटकन पटेल.

ही निरूपणे पुस्तकांत निजून राहावयाची ती राहिली नाहीत, याचे श्रेय मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांना आहे. त्यांनी वर्षानुवर्षे खपून, तंजावरच्या संहितेला नृत्याचे चलन देऊन ती रंगमंचावर आणली आणि ‘तंजावुर नृत्य प्रबंध’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्याच नट्टुवनार बंधूंच्या घराण्यातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिक्षण घेऊन मराठा राजांच्या रचना लोकांपुढे मांडल्या. नृत्याच्या बाजूचे काम असे पुष्कळ मार्गी लागले. बँडाच्या बाजूला मात्र कोणी पार्वतीकुमार भेटलेला नाही. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, डलहौसीने संस्थान खालसा केले, आणि दरबारची कलावंत मंडळी पोटामागे जिकडे वाट मिळाली तिकडे पांगली. नृत्यांगनांना १८८० नंतर बडोद्यात आसरा मिळाला, कारण तंजावरची राजकन्या सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन तेथे गेली होती. बँडाच्या विलायती स्वरलिपीचे कागद मात्र सरस्वती महालात राहिले.

राजवाड्याच्या दरबार दालनात सरफोजींची संगमरवरी मूर्ती आहे. फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराने ती घडविली. राजे उभे आहेत, डोक्यावर उंच निमुळती पगडी आहे आणि दोन्ही हात जोडलेले आहेत. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी येथे घटकाभर थांबतो, छायाचित्र काढतो, सांबार हे संभाजी राजांच्या नावावरून आले की नाही यावर तावातावाने वाद घालतो, आणि संध्याकाळच्या गाडीने रामेश्वरास जातो. त्याला दोष कसा द्यावा? त्याने ऐकावे असे तेथे काय ठेवले आहे? येथून अवघ्या तीन-साडेतीन कोसांवर तिरुवैयारु येथे त्यागराजांच्या समाधीपुढे दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायकवादक एकत्र बसून त्यांची पंचरत्न कीर्तने म्हणतात. त्यागराज सरफोजींचे समकालीन. त्यांचा गौरव गाऊन होतो, आणि राजांचा कपाटाला कुलूप लावून.

सरफोजींच्या जन्माला २०२७ च्या २४ सप्टेंबरला अडीचशे वर्षे पुरी होतात. त्या सुमारास महाराष्ट्र सरकार काही तरी करील, अशी अपेक्षा करावयास हरकत नाही. भीती एवढीच, की ते ‘काही तरी’ म्हणजे स्मरणिका, शाल, श्रीफळ आणि मंत्र्यांचा दौरा असेल. माझी मागणी निराळी आणि बरीच स्वस्त आहे. राजवाड्यातच संगीत महाल नावाची वास्तू उभी आहे. त्या दिवशी तेथे एक निरूपण पहिल्या जिन्नसापासून मंगलापर्यंत पुरे व्हावे, मध्ये कापाकापी न करता. आणि त्यानंतर बँडाचे कागद वाजावेत. दक्षिण विभागीय सांस्कृतिक केंद्राचे ठाणे तंजावुरातच आहे, तेव्हा यजमानपणाचा प्रश्न नाही. वादक तमिळ असावेत, मराठी असावेत, आणि मुंबईपुण्याच्या गिटारवाल्या पोरांनाही आमंत्रण असावे. त्यांनी राजांच्या चाली आपल्या वाद्यांवर आपल्या पद्धतीने वाजविल्या तर शास्त्रीबुवांनी कपाळाला आठ्या घालू नयेत, कारण ज्याने कंपनीच्या कवायतीची वाद्ये आपल्या दरबारात आणली त्या राजाच्या घरी हा आक्षेप चालण्यासारखा नाही. मराठी श्रोत्याला तमिळ येत नाही आणि तमिळ श्रोत्याला मराठी, ही अडचण खरी. पण निरूपणाचे शब्द दोन्ही लिप्यांत छापून हाती दिले की ती निम्मी सुटते, आणि बँडाला तर शब्दांची गरजच नसते.

मात्र आधी एक साधे काम झाले पाहिजे. सरस्वती महालातील त्या स्वरलेखनाची पाने कोणती, कोणत्या वाद्याची, पुरी की अपुरी, याची यादी एखाद्या जाणत्याकडून करवून घ्यावी, त्यांच्या स्वच्छ नकला काढाव्यात आणि त्या मागेल त्या वादकाला द्याव्यात. या कामासाठी समितीची आवश्यकता नाही. पाच रेघांची लिपी वाचणारा एक माणूस, शेजारी एक क्लॅरिनेटवाला आणि ग्रंथालयाची परवानगी असली की ते सुरू करता येते, आणि तालमींना पुरेसा अवधी हवा असेल तर ते याच हिवाळ्यात सुरू झाले पाहिजे.