चालायला जरूर या, पण पैशाचं विचारा

ऑक्टोबर हा जगभर स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीचा महिना. त्या दिवसांत आपल्याकडेही रविवारी सकाळी गुलाबी टी-शर्ट घातलेल्या बायका रस्त्यावर दिसतात. मिलिंद सोमण यांनी २०१२ साली मुंबईत पिंकेथॉन ही बायकांची दौड सुरू केली, आणि साडी नेसून धावणाऱ्या, तान्हं पोर अंगाशी बांधून चालणाऱ्या बायका आपण पाहू लागलो. एरवी छातीत गाठ लागतेय हे घरातल्या घरात सांगायचीही चोरी होती. तो विषय चारचौघांत आला. तेव्हा तुमच्या शहरात असा वॉक असेल तर जाच. पुरुषांना प्रवेश असेल तिथे नवऱ्याला आणि मुलालाही न्या.

फक्त नाव नोंदवताना एक विचारा: माझ्या फीमधले किती पैसे संशोधनाला जाणार? बऱ्याच वॉकमध्ये फी टी-शर्ट, मेडल, मंडप आणि नाश्त्यातच संपते. त्यात गैर काही नाही, जागृतीलाही खर्च येतोच. पण संशोधनाला हातभार लावायचा असेल, तर तो वेगळा लावावा लागतो.

आणि तो लावायलाच हवा. परळच्या टाटा हॉस्पिटलचं एक काम सांगते. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११पासून देशातल्या अकरा रुग्णालयांत सुमारे १६०० बायकांवर एक साधा प्रयोग केला. गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी निम्म्या जणींना गाठीभोवती बधिर करणारं इंजेक्शन दिलं. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला देतात त्याच जातीचं, लिग्नोकेन. बाकी उपचार सगळ्यांना सारखेच. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: इंजेक्शन न मिळालेल्यांत पाच वर्षांनी शंभरातल्या सुमारे ८६ जणी हयात होत्या, मिळालेल्यांत ९०. शंभरामागे चार बायकांचा जीव, आणि तोही कुठल्याही तालुक्याच्या औषध दुकानात मिळणाऱ्या स्वस्त औषधाने.

असल्या जुन्या औषधातून कुठल्याही कंपनीला मोठा नफा होणार नाही, त्यामुळे असा प्रयोग करायला ती पुढे येत नाही. याच हॉस्पिटलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांना घेऊन वीस वर्षं असाच, नफ्याशी संबंध नसलेला आणखी एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासली. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीचं यंत्र सगळीकडे पोचणं शक्य नसलेल्या देशाला हे उत्तर फार मोलाचं आहे, आणि ते शोधायला वीस वर्षं पगार, प्रवास आणि नोंदवह्या यांचा खर्च कुणाला तरी सोसावा लागतो. सरकार देतं, पण तेवढ्याने भागत नाही.

म्हणून चालायचं ठरलं की सोसायटीत, ऑफिसात, भिशीत सांगा: मी पाच किलोमीटर चालतेय, माझ्या नावाने शंभर-दोनशे रुपये द्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे कितीतरी जण असेच संस्थांसाठी पैसे उभे करतात. लाजू नका, हे मागणं स्वतःसाठी नाही. पैसे कुणाच्या खासगी खात्यावर घेऊ नका. ते थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत, पावती ज्याच्या त्याच्या नावाने मिळू दे. देताना ‘संशोधनासाठी’ असं स्पष्ट लिहा, आणि वर्षाअखेरीला त्याचं काय झालं ते विचारा. देणगी देणाऱ्याचा तो हक्कच आहे.

उपचार चालू असलेली कुणी बरोबर असेल तर तिने आधी डॉक्टरांना विचारावं, आणि तुम्ही तिच्या चालीने चाला. तिला न विचारता तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

एक शेवटचं, चालणाऱ्या प्रत्येक बाईसाठी. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती महिनोन्महिने अंगावर काढली जाते. गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, कातडीला खळी पडली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि तसं काही नसलं तरी, तिशी उलटली असेल तर वॉकला येण्याआधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. सासूला, आईलाही बरोबर न्या.