दुकानातला उंदीर आणि आपले मौन

शाबानच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही रमजानचा किराणा भरला. घरी चण्याची डाळ निवडायला घेतली तर ताटात चार-पाच काळ्या लेंड्या निघाल्या. उंदराच्याच होत्या. डाळ फेकली, डबा गरम पाण्याने धुतला आणि दुकान बदलले. दुकानदार चाचांना मात्र काही बोललो नाही. वीस वर्षांची ओळख, अडीअडचणीला उधारीवर सामान देणारा माणूस. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

ईदनंतर मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्याच दुकानात भरदिवसा रव्याच्या पोत्यावरून उंदीर पळत होता. कुणी लिहिले, या दुकानातले खाणे हराम. कुणी म्हणाले, आपलाच माणूस आहे, बदनामी नको, व्हिडिओ काढून टाका. बाकीच्यांनी विनोद केले. तिसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक दिसेना.

आम्ही भेटायला गेलो. चाचा म्हणाले, "सर, महिनाभर गिऱ्हाईक कमी होत होतं. मला वाटलं, लोक मोठ्या दुकानात जातायत. एकानं तरी तोंडावर सांगायचं होतं."

आमची मान खाली गेली. आम्ही आमच्यापुरती सुटका करून घेतली होती. शेजारच्या घरातली मुले महिनाभर त्याच पोत्यातली डाळ खात होती, हे आमच्या मनातही आले नव्हते. याला आम्ही भिडस्तपणा म्हणत होतो. खरे तर ती आमची सोय होती.

मदीनेच्या बाजारातला प्रसंग आपण मुलांना शिकवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. हा प्रसंग 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. यात दुकानदाराला धडा आहे, तसा आपल्यालाही. दोष जागेवरच, मालकाशीच बोलला गेला.

'बुखारी'त आणखी एक हदीस आहे. तुपात उंदीर पडून मेल्याबद्दल विचारले गेले. तेव्हा उंदीर आणि त्याच्या भोवतालचे तूप काढून टाकावे, उरलेले खावे, असे सांगितले गेले. ना घबराट, ना बेफिकिरी. (पातळ पदार्थांबाबत उलेमांना विचारावे.) एक व्हिडिओ पाहून 'हराम'चा फतवा देणे आपले काम नाही. पण 'हलाल आहे ना, मग चालतंय' हेही पुरेसे नाही. कुरआनने हलालसोबत 'तय्यब' म्हणजे स्वच्छ, उत्तम हा शब्द जोडला आहे. मटणाच्या दुकानात आपण जिबह कोणी केले ते विचारतो. धान्याची पोती कुठे ठेवता, हे किती जण विचारतात?

बदनामीच्या भीतीने लपवालपवी वाढते, हे मुंबईने पाहिले आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. तिथे धान्याची गोदामे होती आणि उंदीर मरून पडत होते. पुढे सरकारी पथके घरोघर शिरू लागली, रुग्णांना उचलून नेऊ लागली, तेव्हा घाबरलेले लोक आजारी माणसांना लपवू लागले. दुकानदाराचेही तसेच होते. पहिल्याच चुकीला दुकान बसणार असेल, तर तो लेंड्या झाडून टाकील आणि तोच माल विकील.

मग करायचे काय? आधी दुकानदाराला एकांतात सांगावे आणि माल परत दाखवावा. तो सुधारत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. दुकानात लावलेल्या परवान्यावर 14 अंकी क्रमांक असतो, तो तक्रारीत द्यावा. ही चुगली नव्हे. उंदरांचा बंदोबस्त ही खाद्यव्यवसायाची कायदेशीर जबाबदारीच आहे. खात्री न करता पुढे पाठवलेला व्हिडिओ मात्र कुणाचेही घर उद्ध्वस्त करू शकतो. बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे.

दुकानदार भावांनाही दोन शब्द. लहान उंदराला पेन्सिलीएवढे भोक पुरते. शटरखालची फट पत्र्याने बंद करा, भोकांत लोखंडी जाळी घालून सिमेंट भरा. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. सुटा माल झाकणाच्या पिंपात. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाने भिजवून मग पुसा. खाण्याच्या मालाजवळ विष तर नकोच. कुरतडलेला माल कमी भावात विकू नका, फेकून द्या.

चाचांनी दोन दिवस दुकान बंद ठेवले आणि सहा पोती माल टाकून दिला. भोके बुजवताना मोहल्ल्यातली चार पोरे मदतीला होती. उघडल्यावर पहिले गिऱ्हाईक म्हणून आम्ही गेलो आणि चण्याची डाळच मागितली. चाचांनी पिंपाचे झाकण उघडून म्हटले, "आधी बघून घ्या, सर." आम्ही हात घालून पाहिले. त्यांना राग आला नाही, आम्हालाही संकोच वाटला नाही.

अल्लाह आपल्या व्यापाऱ्यांना अमानतदारी आणि आपल्याला वेळेवर खरे बोलण्याची हिंमत देवो. आमीन.