आधी नाव, मग मत

२० मे २०२४ला लोकसभेच्या पाचव्या टप्प्याचं मतदान झालं. त्या दिवशी मुंबईच्या सहाही जागांवर मतदान होतं, आणि इकडे पश्चिम बंगालातल्या आमच्या बराकपुरातही. मुंबईचा काटा जागेगणिक पन्नास ते सत्तावन्न टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी अडकला. बराकपूर पंच्याहत्तरच्या घरात गेलं. तेव्हापासून तिकडचे नातेवाईक फोनवर विचारत असतात, ‘तुमच्याकडे लोकांना घराबाहेर काढायला करतात तरी काय?’

काहीच करत नाहीत. मत द्यायला जा म्हणून इथे कुणाला सांगावं लागत नाही. निवडणूक लागायच्या आधीच भिंती चुन्यानं पांढऱ्या होतात, त्यांवर कोपऱ्यात पक्षाचं नाव टाकून जागा धरली जाते. चिडिया मोडच्या चहाच्या टपरीवर कुठल्या वॉर्डात कोण किती मतांनी मागे पडलं, हे लोक तोंडपाठ सांगतात. उत्साहाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो कागदांचा.

आपल्याकडे मतदारजागृती म्हटली की प्रभातफेरी, नटनट्यांचे व्हिडिओ आणि शाई लावलेल्या बोटाचा फोटो. त्यात वावगं काही नाही. पण हा सगळा उपदेश यादीत नाव असलेल्यालाच लागू पडतो. ज्याचं नावच नाही, त्याला ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खा म्हणण्यासारखं आहे.

हे २०२५च्या अखेरीस जितकं जाणवलं तितकं पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. ४ नोव्हेंबर २०२५पासून पश्चिम बंगालात मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. एवढं मोठं नाव कोण घेणार? रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे ‘एसआयआर’च म्हणतात. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरोघरी फॉर्म वाटून गेले. राज्यात ऐंशी हजारांवर बीएलओ, त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक आणि अंगणवाडीच्या ताई बऱ्याच. १६ डिसेंबरला प्रारूप यादी लागली, तेव्हा सुमारे ७ कोटी ६६ लाखांपैकी ५८ लाखांवर नावं कमी झाली होती. निवडणूक आयोगाच्या हिशोबात त्यातले २४ लाख मृत, जवळजवळ २० लाख स्थलांतरित, १२ लाख पत्त्यावर न सापडलेले. विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक २०२६च्या उन्हाळ्यात. दावे-हरकतींची मुदत सुरुवातीला १५ जानेवारी २०२६ ठरली. म्हणून त्या दिवसांत आमच्याकडे ‘मत कुणाला’ यापेक्षा ‘नाव आहे का’ हा प्रश्न मोठा होता.

आमच्या पाड्यातल्या क्लबात कॅरमच्या टेबलावर चादर टाकून काही जण संध्याकाळी मदतीला बसतात. एक निवृत्त शिक्षक, एक कॉलेजची मुलगी, अधूनमधून मी. टेबलाचा नियम एकच, शिक्षकांनी घालून दिलेला: पक्षाचं नाव काढायचं नाही, आणि कुणी काढलं तर त्याला चहा मिळणार नाही. आमच्याजवळ असतं काय? दोन मोबाइल, एक भिंग आणि २००२च्या यादीची छापून आणलेली पानं.

सगळं त्या २००२वर येऊन अडतं. त्या वर्षीच्या यादीत तुमचं, किंवा तुमच्या आईवडिलांचं, आजीआजोबांचं नाव दाखवता आलं तर काम झालं. नाही आलं तर नोटीस, आणि मग ‘शुनानी’, म्हणजे सुनावणी. यादी संकेतस्थळावर आहे, पण शोधायला तेव्हाचा मतदारसंघ आणि तेव्हाचं मतदान केंद्र ठाऊक हवं. लोक येऊन विश्वासानं सांगतात, ‘बराकपूर विधानसभा.’ आता गंमत अशी, की २००२मध्ये या नावाचा विधानसभा मतदारसंघच नव्हता. मतदारसंघांची फेररचना होऊन तो २०११च्या निवडणुकीत आला. त्याआधी इथल्या बऱ्याच वस्तीची नावं टिटागड मतदारसंघात होती. माणूस पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहिला आणि मतदारसंघच त्याच्या अंगावरून सरकून गेला. एवढी एक गोष्ट सांगितली की निम्म्या लोकांची नावं तासाभरात सापडतात. मदत म्हणजे बहुतेक वेळा एवढीच असते.

उरलेली निम्मी माणसं मात्र आपल्याला विचारात पाडतात. ती कोण असतात? एक तर कामासाठी गाव सोडलेली, दुसरी लग्नासाठी.

कामासाठी आलेले इथे कमी नाहीत. नैहाटी, जगद्दल, भाटपाडा, टिटागड अशी हुगळीकाठानं तागाच्या गिरण्यांची रांग आहे. शंभराहून अधिक वर्षं बिहार, उत्तर प्रदेश, आंध्रातून माणसं इथे येऊन चाळींत, म्हणजे ‘लाइनीत’, राहिली. असेच टिटागडच्या लाइनीतले एक चाचा आले. त्यांचं नाव इथेही, आणि सिवान जिल्ह्यातल्या गावीही. बिहारमधली पडताळणी आधीच उरकलेली. तिथे मुलानं फॉर्म भरून टाकलेला. आता इथला फॉर्म हातात. ‘दीदी, पीएफ यहाँ, खेत वहाँ. आदमी कहाँ का?’ १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं उत्तर साधं आहे: जिथे सामान्यतः राहता तिथले, आणि एका वेळी एकाच ठिकाणचे. खोटं लिहून दिलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे आम्ही त्यांना वाचून दाखवलं. ठरवायचं त्यांनी. टेबलापलीकडच्या माणसानं तिथे थांबायला शिकावं लागतं.

लग्नासाठी आलेल्यांमध्ये आपल्या मराठी बायकाही आहेत. इछापूरच्या रायफल फॅक्टरीत, हवाई दलाच्या तळावर, नीलगंजच्या ताग संशोधन संस्थेत, मणिरामपूरच्या मत्स्य संशोधन संस्थेत नोकरीला असलेल्या मराठी माणसांची घरं इथे विखुरलेली आहेत. त्यांतली सोलापूरकडची एकजण फाइल घेऊन आली. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं गेलं ते दुसरंच नाव, तेच आधारवर आणि मतदार ओळखपत्रावर. मधलं नाव तिकडे वडिलांचं, इकडे नवऱ्याचं. आडनाव तर बदललेलंच. म्हणजे तीनपैकी एकही शब्द जुळत नाही. त्यात बंगाली यादीत ‘व’चा ‘ब’ झालेला. आणि फॉर्मचा नियम असा, की नातं दाखवायचं ते आईवडिलांकडचं. नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव चालत नाही. जन्माचं नाव पुसून जे सासर आपलंसं केलं, ते पडताळणीत कामाला येत नाही. कामाला येतं ते सोडलेलं माहेर. तिनं तिथूनच भावाला फोन लावला. गावातल्या शाळेचं केंद्र, वडिलांचं नाव, यादीतला अनुक्रमांक. फोटो आला, पण बाई हीच हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागणारच होता. तो होता म्हणून बरं. लग्नाचा अल्बम प्रत्येकीकडे असतो, दाखला नसतो.

बाईचं नाव आणि मतदारयादी यांचं जुनं वाकडं आहे. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन, इथलेच, बंगालचे. उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो बायकांनी नाव सांगायचं नाकारलं. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद झाली. सेन यांनी ती चालवून घेतली नाही आणि सुमारे २८ लाख नावं यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता, पण बाई ही स्वतःच्या नावानं मतदार आहे हा आग्रह त्यामागे होता. आज बाई नाव सांगते. प्रश्न एवढाच, की कुठलं?

त्याही मागे जायचं तर बराकपूरचीच गोष्ट आहे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी मणिरामपूरला राहायचे. १८९५च्या पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे आपल्यालाही परके नाहीत. १९२३च्या बंगाल विधिमंडळाच्या निवडणुकीत याच भागात त्यांना एका तरुण डॉक्टरनं पाडलं. ते डॉक्टर बिधानचंद्र रॉय, पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. एवढा गाजलेला सामना, पण मत कुणाला होतं? कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या मोजक्या पुरुषांना. मुंबई प्रांतानं १९२१मध्येच बायकांना मताधिकार दिला होता. बंगालात तो यायला १९२५ उजाडलं. म्हणजे माझ्या टेबलासमोर बसणारे चाचा आणि ती सोलापूरची बाई, दोघंही त्या यादीत बसले नसते. शंभर वर्षांत यादी इतकी रुंद झाली. म्हणूनच तिच्यातून कुणी नकळत गळून पडत असेल तर जीव चुटपुटतो.

याद्या स्वच्छ हव्यात, यात वाद नाही. बंगालात ‘छाप्पा भोट’ हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो: दुसऱ्याच्या नावावर ठोकून दिलेलं मत. मेलेल्यांची नावं यादीत राहिली की ती कुणाच्या तरी उपयोगी पडतात. पण मृताचं नाव काढणं आणि हललेल्याचं नाव काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हललेला माणूस कुठेतरी असतोच, त्याला तिथे जागा मिळायला हवी. त्यासाठी यादीत नावच उरलं नसेल तर फॉर्म ६ आहे, नाव असेल तर पत्ता बदलायला किंवा नाव दुरुस्त करायला फॉर्म ८ आहे, १९५० ही हेल्पलाइन आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आता जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात.

नाव लागलं की मग मतदानाच्या दिवसाची तयारी. आमच्या चादरीवर त्याचीही एक चिठ्ठी असते. घरी येते ती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, फोटो असलेलं पासबुक असं काहीतरी न्यायचं. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या खिडकीत चिन्ह सात सेकंद दिसतं, ते बघूनच निघायचं. आणि केंद्रावर कुणी म्हणालं, ‘तुमचं मत पडलंय, घरी जा’, तर जायचं नाही. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागायचं. ते कागदी मतपत्रिकेवर द्यायचं असतं आणि लिफाफ्यात बंद होतं. एरवी ते मोजणीत धरत नाहीत, पण तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकल्याची सरकारी नोंद राहते. २०१९ला निवडणुकीच्या पुढेमागे भाटपाड्यात जी हिंसा पेटली ती इथले लोक विसरलेले नाहीत. अशा ठिकाणी नियम ठाऊक असलेला माणूस थोडा ताठ उभा राहतो.

हे तुम्हाला सांगायचं कारण, १५ जानेवारी २०२६लाच तुमच्याकडे मुंबई-पुण्यासह २९ महापालिकांचं मतदान होतं, आणि त्याआधी दोन महिने तुम्ही ‘दुबार’ मतदारांवरून भांडत होता. मुंबईच्या यादीत दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन फुल्या आल्या. दुबार कोण, यावर चॅनलवाले रात्र रात्र जागवत होते. पण त्या फुल्यांमध्ये किती घरं बदललेली माणसं असतील आणि किती लग्न होऊन गेलेल्या मुली, ज्यांचं नाव माहेरीही राहिलं आणि सासरीही लागलं? एसआयआरची फेरी महाराष्ट्रात जानेवारी २०२६पर्यंत आलेली नव्हती. ऐन वेळी धावपळ करण्यापेक्षा आताच एवढं करा: परराज्यात दिलेल्या बहिणीसाठी वडिलांच्या नावाचं जुन्या यादीतलं पान शोधून तिला पाठवून द्या. तिच्या नव्या गावात त्या पानाची किंमत तुमच्या साडीपेक्षा जास्त आहे.

इथे संक्रांतीला बंगाली घरांत पिठे नावाचे गोड पदार्थ होतात, आमच्याकडे तिळगूळ. मराठी बायकांचं हळदीकुंकू २०२६ला आम्ही मुदतीच्या आधी घ्यायचं ठरवलं, कागद सोबत आणायच्या अटीवर. वाण काय लुटायचं यावर बरीच चर्चा झाली. डबे, गाळण्या, वाट्या सगळं झालं. शेवटी प्लास्टिकच्या फाइली आणल्या, सनद आणि विवाहाचा दाखला एकत्र मावेल एवढ्या.