रात्रीची भूक

बाटलीच्या दुधावर वाढणारे बाळ सहा महिन्यांचे होऊन वरचे अन्न खाऊ लागले, तरी रात्री दोन-तीनदा भुकेने रडते, अशी पुष्कळ मातांची तक्रार असते. थकलेल्या आईला मग बाटलीत पावडरीचा एक चमचा अधिक घालण्याचा अथवा पीठ कालवण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे आम्ही कळकळीने सांगतो. फाजील घट्ट दुधाने कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. पिठाने ठसका लागून श्वास कोंडण्याचे भय असते.

रात्रीच्या भुकेचे मूळ पुष्कळदा दिवसाच्या आहारात असते. पातळ पेजेने पोट फुगते, पण बळ येत नाही. नाचणीची खीर किंवा मऊ मूगखिचडी चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट करून, थोडे तूप घालून भरवावी. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून २-३ वेळा, पुढे ३-४ वेळा. दूध मात्र वर्षभर चालूच ठेवावे.

इतके करूनही बाळ जागले, तर त्यास अवश्य पाजावे; या वयात ते वावगे नव्हे. वजन वाढत नसल्यास डॉक्टरांस दाखवावे. आणि बाटली पित्याच्या हातूनही पाजता येते, याचे घरच्या मंडळींनी विस्मरण होऊ देऊ नये.