शेअरचा भाव आणि बाईच्या कामाचा भाव

सप्टेंबर २०२५ मध्ये 'अर्बन कंपनी'चे शेअर विक्रीला आले. मोबाईलवरून ब्यूटी पार्लरवाली, सफाईवाली, प्लंबर घरी पाठवणारी ही कंपनी. १०३ रुपयांच्या शेअरला शंभरपटीहून जास्त मागणी आली. १७ तारखेला बाजार उघडताच भाव दीडपट झाला. नोव्हेंबरात तिमाहीचा हिशेब आला तो ५९ कोटींच्या तोट्याचा. मोठे कारण 'इन्स्टा हेल्प', म्हणजे पंधरा मिनिटांत कामवाली. शेअर घसरला. एवढा पैसा ओतून धंदा वाढवावा का, नफा कधी दिसणार, यावर गुंतवणूकदारांत चर्चा झडली.

मैत्रिणींनो, या चर्चेत भांडी घासणारी बाई कुठे आहे? ती फक्त खर्चाच्या रकान्यात आहे.

कंपनी आपल्या प्रतिमेला मात्र जपते. मार्च २०२५ मध्ये मुंबईत ही सेवा 'इन्स्टा मेड्स' या नावाने निघाली. टीका होताच काही दिवसांत नाव बदलले. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये पार्लरचे काम करणाऱ्या बायका जादा कमिशन आणि रेटिंगच्या जाचाविरुद्ध गुरुग्रामच्या कार्यालयासमोर जमल्या. कंपनीने काही सवलती जाहीर केल्या. डिसेंबरात बायका पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनी चौघींविरुद्ध कोर्टात गेली. नाव बदलणे सोपे असते. कामाच्या अटी बदलायला बायकांना रस्त्यावर बसावे लागते.

भंडारा जिल्ह्यातल्या आपल्याला हे नवे नाही. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर. सट्टेदार छाट काढणार, तिचे पैसे बुडणार. घरी बसून वळते म्हणून ती कामगारच नाही, असे मालक म्हणत. १९६६ च्या कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानले. मालक कोर्टात गेले; १९७४ साली सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. आज छाटेच्या जागी रेटिंगचे तारे आले, सट्टेदाराच्या जागी मोबाईल. आणि बाईला म्हणतात 'पार्टनर'. भागीदार असेल, तर कमिशनचा दर ठरवताना तिला विचारतात का?

हे काम वाईट, असे म्हणायचे नाही. पार्लरचे काम शिकून नागपूरला गेलेल्या मुलीच्या स्वतःच्या खात्यात पैसे जमा होतात, हे मोलाचेच आहे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम मागते, आणि तीच संहिता या बाईला मालक-नोकर या रूढ नात्याबाहेरची ठरवते. म्हणजे निधी मिळेल, पण मजुरीचा हक्क अधांतरी.

म्हणून गटांत पार्लरचा वर्ग घेताना कमिशनचा हिशेब वाचायलाही शिकवू या. लेखी कारण आणि सुनावणीशिवाय कुणाचेही काम बंद होऊ नये, प्रवासाचा आणि वाट पाहण्याचा वेळ मजुरीत धरावा, या मागण्या लावून धरू या. गुंतवणूकदाराला दर तीन महिन्यांनी हिशेब मिळतो. राबणाऱ्या बाईलाही तो मिळाला पाहिजे.